मंगळवारी न उघडलेलं पान

१

"तुझ्याच मान्साक तुरुंगात घालूचो आसा. घालशीत?"

द्रौपदी मावशीने दुकानाच्या दारातूनच हा प्रश्न फेकला आणि गळकी छत्री सरळ माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या की-बोर्डांवर ठेवली. सकाळी सकाळी कुणाच्या तोंडी लागायची माझी तयारी नसते. मी छत्री उचलून बाहेर टाकली.

"माझा माणूस कोण, मावशी?"

"प्रबुद्ध. तुमच्यातलोच ना तो? एकाच विहारात जातास."

मी संघमित्रा. मुलुंड पूर्वेला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं एका बँकेच्या मदतकेंद्रात 'पान उघडत नाही' हे एकच वाक्य लोकांच्या शिव्यांसकट ऐकत होते. आता तेच वाक्य स्वतःच्या दुकानात ऐकते, एवढीच काय ती प्रगती. पलीकडे पश्चिमेला गाळ्यांमध्ये छोटे कारखाने आहेत, त्यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळते. त्यातलाच एक चंद्रप्रकाश शेठचा कारखाना. पत्र्याचे सुटे भाग दाबून काढतात. मावशीचा मुलगा विकी तिथे पॉवर प्रेसवर होता. सोमवारी त्या प्रेसने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली.

प्रेसला एक सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन थांबायलाच हवं. इथे सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या, त्यामुळे मशीन थांबलं नाही. मशीनच्या देखभालीचं काम प्रबुद्धकडे. बुधवारी पोलीस आले, तेव्हा मॅनेजर देवेशने ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून एक नोटीस काढून दाखवली: प्रेसचा सेन्सर बिघडला आहे, दुरुस्त होईपर्यंत प्रबुद्धने मशीन बंद ठेवावं. फाईलवर तारीख १४ जूनची. अपघात जुलैत झाला. म्हणजे प्रबुद्धला महिनाभर माहीत होतं आणि त्याने मशीन चालू दिलं. मावशीला ही नोटीस आरतीसारखी पाठ झाली होती.

"पोलिसांकडे सगळं आहे, मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"तो म्हणता नोटीस खोटी. दुसऱ्या कोणी त्याका गुन्हेगार म्हटल्यान, तर तुमचे लोक म्हणतले, मुद्दाम अडकवल्यानी. तू म्हटलंस तर कोणाक शंका येवची नाय."

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण बाई हिशेबात चुकत नव्हती, हेही खरं.

"आणि विकी काय म्हणतो?"

"काय नाय. भिंतीकडे तोंड करून पडलो आसा." मावशीचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "मॅनेजर तेवढो देवमाणूस. रोज हॉस्पिटलात शहाळां घेऊन येता. हात असो नसो, विकीक कायम करतंय म्हणालो. आणि तो प्रबुद्ध! त्याका भर रस्त्यात चप्पल मारल्याशिवाय माका झोप येवची नाय."

विकी माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला. पतंगासाठी माझ्या खिडकीची काच फोडलेला पोरगा. मी म्हटलं, "बघते. पण मला दिसेल तेच सांगेन, मावशी. तुला आवडेल ते नाही."

"तेच माका आवडात," मावशी म्हणाली आणि छत्री उचलून तरातरा निघून गेली.

२

प्रबुद्ध पोलीस ठाण्याबाहेरच्या टपरीवर सापडला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याला कालपासून बोलावून बसवून ठेवत होते.

"तू पण आलीस? ये. रांगेत उभी राहा."

"नोटीस मिळाली होती तुला?"

"नाही."

"कुणी दाखवली?"

"नाही म्हटलं ना एकदा! उलट मीच त्या वायरी दोनदा सोडवल्या. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत जोडलेल्या. देवेशला तोंडावर सांगितलं, हात जाईल एखाद्याचा."

"कोण जोडायचं?"

त्याने चहाचा घोट घेतला. "कोण तरी."

"लेखी दिलंस कधी?"

"कारखान्यात लेखी कोण देतं गं? लेखी देणारा दुसऱ्या दिवशी गेटबाहेर असतो."

"मग तू सांगितलंस ह्याला पुरावा काय?"

त्याने उरलेला चहा रस्त्यावर भिरकावला. "वकील आहेस का पोलीस? तो कॉम्प्युटर सांभाळते कोण? तू ना? मग त्याच्या पोटात खोटं कुणी घातलं ते तू शोध. मला कसली उलटतपासणी करतेस!"

मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

आत पीएसआय अनुपमा मॅडमनी मला उभंच ठेवलं. "फाईलची तारीख मी स्वतः बघितली. चौदा जून."

"कॉम्प्युटरचं घड्याळ मागे फिरवून फाईल बनवली की मागची तारीख पडते, मॅडम. शाळेतल्या पोरालाही येतं."

"येत असेल. फिरवलं कुणी?"

"मशीन उघडून बघू द्या."

"सीलबंद आहे. उगाच तोडता येत नाही. लॅबला पाठवलं तर रिपोर्ट यायला दिवाळी उजाडेल." त्यांनी फाईल मिटली. "ठोस कारण आणा, कोर्टाची परवानगी काढून पंचांसमोर इथेच उघडते. नाही तर उद्या मी ह्याला आत टाकतेय. वरून फोन येतायत मला."

उद्याच. बाहेर प्रबुद्ध माझ्याकडे पाठ करून बसला होता. मशीनला हात लावता येणार नव्हता, तेव्हा माणसांना गाठणं भाग होतं. मी रिक्षा पकडली आणि कारखाना गाठला.

३

"तुला कोणी बोलावलं?" चंद्रप्रकाश शेठनी स्वागत केलं. "डबा तर पोलीस उचलून घेऊन गेले. आता काय दुरुस्त करते, टेबल?"

"नवीन बसवायचा ना? जुन्यात काय काय त्रास होता ते विचारायला आले."

तक्रार सांगा म्हटलं की मुंबईचा माणूस धबाधबा वाहायला लागतो. शेठही वाहिले. पंख्यापासून प्रिंटरपर्यंत सगळ्याची वाट मीच लावली होती. आणि मग म्हणाले, "मंगळवारी तर कमाल केली तुझ्या कॉम्प्युटरने. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सकाळी, माझी आरती नाही उघडली! देवाचं तोंड पण नाही बघू दिलं!"

शेठ रोज सकाळी ऑफिसात आले की एका देवळाची आरती थेट बघतात. पान उघडून द्यायचं काम अकाउंट्सच्या दीप्तीचं, कारण शेठना माऊस धरता येत नाही. नोटीस पोलिसांना दाखवली बुधवारी. आणि त्याच्या आदल्या दिवशी पान उघडत नव्हतं. माझे कान टवकारले.

"पडद्यावर दिसलं काय?"

"लाल काहीतरी होतं. चष्मा नव्हता माझ्याकडे."

तेवढ्यात केबिनमधून देवेश आला. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज गोड. "मंगळवारी नेटच गेलं होतं, मॅडम. तो डायनासोर येतो ना पडद्यावर, तो आला होता. थोड्या वेळाने आलं आपोआप. अजून काही?"

होतं ना. पान उघडत नाही म्हणजे पोट दुखतं म्हणण्यासारखं आहे. कुठे आणि कसं, ते विचारल्याशिवाय औषध नाही. डायनासोर आला तर नेट गेलं, रस्ताच बंद. 'पान सापडलं नाही' आलं तर रस्ता ठीक आहे, पण ज्या पत्त्यावर गेलात तिथे घरच नाही. लाल त्रिकोण ही तिसरीच गोष्ट. रस्ता आहे, घरही आहे, पण ब्राउझर म्हणतो की दारातल्या माणसाचं ओळखपत्र मला पटत नाही. शेठना लाल दिसलं आणि देवेशला डायनासोर. दोन्ही खरं असू शकत नाही.

दीप्ती कोपऱ्यात मोबाईलवर हिशेब ठोकत बसली होती. मी तिच्याकडे वळले. "तुला काय दिसलं गं?"

तिने आधी देवेशकडे बघितलं. "लाल त्रिकोण. कनेक्शन प्रायव्हेट नाही, असलं काहीतरी. शेठची आरती, माझं बँकेचं पान, दोन्हीवर. राऊटर बंद-चालू केला, तुम्ही शिकवलं तसं सगळं साफ केलं. काही नाही. मोबाईल मात्र त्याच वायफायवर झकास चालू होता. नंतर जेवायच्या आधी आपोआप सुरू झालं सगळं."

"म्हणजे नेट गेलं नव्हतं, देवेश. घड्याळ मागे गेलं होतं."

बाहेर प्रेस धाडधाड चालूच होत्या.

आणि मग देवेश हसला. अगदी मनापासून. "हो, गेलं होतं. मीच नेलं, दसऱ्यावर. तुम्हाला तर माहीत आहे."

मला माहीत होतंच. डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवायचं त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर चकटफू, महिनाभराच्या चाचणीचं. गेल्या दसऱ्याला मशीनांना झेंडू वाहिले तेव्हाच शेठनी मुहूर्तावर ते टाकून घेतलं. महिना संपल्यावर विकत घेतील तर शपथ. डिझाइन उघडायचं असलं की घड्याळ दसऱ्याच्या तारखेला न्यायचं, काम झालं की परत आणायचं. त्यासाठी घड्याळ आपोआप लागायची सोयही बंद करून ठेवलेली. ह्यावरून मी शेठशी कितीदा भांडले होते.

"दसऱ्याची तारीख असताना फाईल बनवली असती," देवेश शांतपणे म्हणाला, "तर तिच्यावर दसऱ्याचीच तारीख पडली असती ना? जूनची कशी पडेल?"

"मग डायनासोर कशाला म्हणालात?"

"लाल काय आणि डायनासोर काय. मी पानं वाचत बसत नाही, कारखाना चालवतो." मग त्याने आवाज आणखी गोड केला. "तुमची धडपड कळते, मॅडम. तुमचे तुम्ही एकमेकांना सांभाळणारच."

"आणि तुम्ही कुणाला सांभाळताय, ते मला कळेल," मी म्हटलं.

शेठनी दाराकडे बोट दाखवलं. मी गेटबाहेर पडले ती स्वतःलाच शिव्या देत. मागून चिखलात पावलं वाजली. दीप्ती छत्री न घेताच धावत आली होती.

"ताई," तिला धाप लागली होती, "दसरा नव्हता."

४

आम्ही एका बंद गाळ्याच्या पत्र्याखाली उभ्या राहिलो.

"आमच्या ऑफिसात लाल त्रिकोण आला की आधी सगळे कोपऱ्यातली तारीख बघतात," दीप्ती म्हणाली. "दसरा दिसला की आजची तारीख करायची, सवयच आहे. मंगळवारी पण बघितली मी. दसरा नव्हता."

"मग काय होतं?"

"चौदा. मंगळवारी चौदाच तारीख होती ना? म्हणून सोडून दिलं."

"आणि महिना?"

"महिना कोण बघतं, ताई?"

कुणीच नाही. चौदा जुलै आणि चौदा जून ह्यात पहिला आकडा तोच. त्या ऑफिसात सगळ्यांचे डोळे फक्त दसरा शोधायला तयार झालेले. पण पोरीने ओझरतं बघितलेलं चौदा पोलिसांपुढे कितीसं टिकणार? देवेश म्हणेल, हिला आठवत नाही नीट.

"सगळीच पानं बंद होती?" मी विचारलं.

"सगळी."

हे तिने माझ्या चपलांकडे बघून सांगितलं.

"दीप्ती, खोटं बोलू नकोस गं. उद्या एक माणूस आत जाणार आहे."

ती एकदम रडायलाच लागली. "एक उघडलं होतं. शेठला सांगू नका. भविष्याचं. विकीचं रक्त धुतलेल्या फरशीवरून चालत आले, आणि बसून राशिभविष्य वाचलं मी. भीती वाटत होती ओ. पुढचा नंबर कुणाचा, असं वाटत होतं."

"त्याच कॉम्प्युटरवर?"

"त्याच. म्हणून तर वाटलं, बँकेतच काहीतरी गडबड आहे."

"काय लिहिलं होतं, आठवतंय?"

"कन्या रास. 'आज जुन्या गोष्टी उकरून काढू नका.'"

मी तिथेच फोन काढला. त्या पानावर मागच्या दिवसांचंही भविष्य ठेवतात. मंगळवार, कन्या: आज जुन्या गोष्टी उकरून काढू नका. शब्दाला शब्द. म्हणजे ते साठवलेलं शिळं पान नव्हतं, त्या सकाळी ताजंच उघडलं होतं. मग मी आणखी एक गोष्ट केली. आरतीचं, बँकेचं आणि भविष्याचं अशी तिन्ही पानं उघडून प्रत्येकाचं ओळखपत्र बघितलं. ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही. पत्त्याशेजारच्या चिन्हावर बोट ठेवलं की दिसतं, पण आयुष्यात कुणी ठेवत नाही.

आणि मी हसले. पावसात उभं राहून मोठ्याने हसले. दीप्तीला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

"उद्या पोलिसांसमोर हे बोलशील?"

"नोकरी जाईल माझी."

"जाईल," मी म्हटलं. थाप मारणं माझ्या जिवावर आलं.

तिने ओढणीने तोंड पुसलं आणि ती परत कारखान्यात गेली.

५

शुक्रवारी सकाळी अनुपमा मॅडम माझ्याबरोबर आल्या, त्या कपाळावर आठ्या घेऊनच. ऑफिसात शेठ, देवेश आणि दीप्ती होते. दीप्ती मान वर करत नव्हती.

"लवकर आटपा," मॅडम म्हणाल्या.

"देवेश, काल मला सांगितलंत तेच मॅडमना सांगा. मंगळवारी सकाळी घड्याळ कुणी मागे नेलं?"

"मी. दसऱ्याच्या तारखेवर. डिझाइनचं काम होतं. नंतर परत लावलं."

"दुसऱ्या कुणी हात लावला असेल?"

"शेठना येत नाही. दीप्ती आली तेव्हा मी आधीच लावून ठेवलं होतं. नाही, दुसरं कुणी नाही."

"तारीख दसऱ्याचीच होती? पक्कं?"

"पक्कं." तो मॅडमकडे बघून हसला. मॅडमनी लिहून घेतलं.

"आता माझं ऐका," मी म्हटलं. "प्रत्येक सुरक्षित पानाला एक ओळखपत्र असतं. त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं, आणि ते सारखं नवं काढावं लागतं. ब्राउझर ते ओळखपत्र स्वतःच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. उद्याच्या नाटकाचं तिकीट घेऊन आज गेलात, तर दारावरचा माणूस आत सोडतो का? तसंच. घड्याळ मागे नेलं की आजची ओळखपत्रं उद्याची तिकिटं होतात, आणि लाल त्रिकोण येतो."

"मग? तेच तर झालं," देवेश म्हणाला.

"आरतीच्या पानाचं ओळखपत्र जुलैच्या सुरुवातीला काढलेलं आहे. बँकेचं जूनच्या शेवटी. दोन्ही उघडली नाहीत. पण त्या सकाळी तिसरं एक पान उघडलं." मी दीप्तीकडे वळले. "कुठलं?"

देवेश तिच्याकडे बघत होता, आणि आता तो हसत नव्हता. शेठही बघत होते. दीप्तीने मान आणखी खाली घातली. मला वाटलं, गेलं सगळं.

मग ती उठून उभी राहिली. "भविष्याचं पान. कन्या रास. आज जुन्या गोष्टी उकरून काढू नका, असं लिहिलं होतं."

"कामाच्या वेळेला भविष्य!" शेठ ओरडले.

"गप्प बसा," मॅडम म्हणाल्या. "पुढे बोला."

"त्या पानाचं ओळखपत्र एप्रिलमध्ये काढलेलं आहे. घड्याळ दसऱ्यावर असतं, तर ते अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. तेही लाल व्हायला हवं होतं. ते उघडलं, म्हणजे घड्याळ एप्रिलच्या पुढे होतं. बँकेचं उघडलं नाही, म्हणजे जून संपायच्या आत होतं. दसरा नाही, मॅडम. एप्रिल आणि जूनच्या मधली एखादी तारीख. नोटिशीवर कुठली आहे?"

"चौदा जून," मॅडम सावकाश म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा फोन काढला, तिन्ही पानं उघडली, माझ्याकडून बोट कुठे ठेवायचं ते विचारून घेतलं आणि तारखा एकेक करून वाचल्या. मग त्याच फोनवर मंगळवारची कन्या रास वाचली.

"पोरगी खोटं बोलते," देवेश म्हणाला. इस्त्रीच्या शर्टाला काखेत घाम फुटला होता.

"तुम्हाला घाई होती," मी म्हटलं. "दसऱ्याला न्यायचं तर दिवस, महिना, वर्ष सगळं फिरवावं लागतं. तुम्ही नुसता महिना एक घर मागे केलात. दिवस तोच राहिला, म्हणून दीप्तीच्याही लक्षात आलं नाही. मी घड्याळाचं नाव काढलं, तेव्हा तुम्ही पटकन रोजच्या सवयीमागे लपलात. दसरा म्हणाला नसतात, तर मी अजून डायनासोरच शोधत बसले असते."

मॅडमनी विचारलं, "घड्याळ कधी आणि कुठल्या तारखेवर फिरवलं, ह्याची नोंद मशीनमध्ये राहते?"

"राहते. मशीन स्वतःच लिहून ठेवतं. फाईलच्या तारखेवर सगळे भुलतात, तिथे कुणी डोकावत नाही."

"आजच परवानगी काढते."

देवेश खुर्चीत बसला. मग एकदम शेठवर उलटला. "बोला ना आता! वायरी जोडायला लावल्या कशासाठी? कुणासाठी?"

"मी फक्त माल वेळेत द्या म्हणालो," शेठ म्हणाले. "वायरी जोड असं कधी म्हणालो?"

"सेन्सर चालू ठेवला की प्रेस सारखी थांबते, मग ह्या मशीनांवर वेळेत म्हणजे दुसरं काय असतं, शेठ?"

आरतीच्या वेळी हात जोडतात तसे शेठनी हात जोडले, पण मॅडमपुढे. मॅडमनी दोघांनाही गाडीत बसायला सांगितलं. दीप्तीने आपला डबा पिशवीत भरला. तिला कुणी काढलं नव्हतं, पण सोमवारी ती येणार नव्हती, हे आम्हा दोघींनाही कळलं.

६

संध्याकाळी पंचांसमोर मशीन उघडलं. नोंद होती. घड्याळ मंगळवारी सकाळी चौदा जूनवर गेलं होतं आणि जेवणाआधी परत आलं होतं.

मी द्रौपदी मावशीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मगे विकीची नोकरी गेली." आणि फोन आपटला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. मी तिला आवडेल ते सांगणार नाही, हे आधीच सांगितलं होतं ना!

प्रबुद्ध ठाण्याबाहेर आला तेव्हा दिवेलागण होत होती. पाऊस बारीक पडत होता. त्याने माझे आभार मानले नाहीत.

"तूसुद्धा आधी मलाच धरलंस," तो म्हणाला.

"धरलं. आणि सोडवलंही मीच."

त्याच वेळी समोरून मावशी आली. छत्री नाही, पदर खोचलेला. आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि वाकून पायातली चप्पल काढली. टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. मी मध्ये पडणार, तेवढ्यात तिने चप्पल प्रबुद्धच्या हातात कोंबली.

"मार माका."

"काय करताय, मावशी?"

"विकी बोललो." तिचा आवाज चिरकला. "मी त्याका सांगलंय, मॅनेजराक धरलो म्हणान. तेव्हा भिंतीकडचा तोंड फिरवल्यान आणि बोललो. तू वायरी सोडवी होतंस आणि माझोच झील त्यो परत जोडी होतो. देवेश सांगा म्हणान. आपल्याच हातान जोडल्यान, आणि तोच हात गेलो."

मी प्रबुद्धकडे बघितलं. 'कोण तरी', असं तो मला टपरीवर म्हणाला होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"मग तीन दिवस पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"त्याची बोटं गेली गं. वरून ह्याचंच चुकलं, असं त्यांच्या हाती द्यायचं? पोरगा वाचला असता का कुठून?" त्याने चप्पल मावशीच्या पायापुढे चिखलात टाकली. "घाला पायात. माफीबिफी मागू नका. मला राग आहे तुमच्यावर, मावशी. चाळभर माझ्या आईला तोंड लपवून फिरावं लागलं, आणि तो राग जायला वेळ लागेल."

मावशी मान खाली घालून उभी राहिली.

"पण भेटायची वेळ संपायच्या आत हॉस्पिटलात पोचायला पाहिजे," प्रबुद्ध म्हणाला. "तो एकटा असेल."

मावशीने पायात चप्पल सरकवली. रिक्षा मीच थांबवली. ते दोघं आत बसले, दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता. रिक्षा निघाली तेव्हा मावशीने बाहेर डोकं काढून मला हाक मारली.

"अगो, उभी काय रवलंस? तुयाय चल. विकी तुझा नाव घेता हा."

मी धावत जाऊन दोघांच्या मध्ये बसले.